टेंगळाचं अंडं

माणूस नोकरीतून निवृत्त होतो, पण नोकरी माणसातून निवृत्त होत नाही. बिलसाहेबांचं तेच झालं होतं. सारा जन्म विजेच्या ऑफिसात लोकांची बिलं काढण्यात गेल्यामुळे घरात कुणी पंखा लावला, की त्यांच्या छातीत मीटर फिरू लागे. बायको स्वयंपाकघरातून बाहेर पडताच ते तिथला दिवा बंद करीत. (कधीकधी ती आत असतानाही.)

घर मात्र त्यांच्या पेन्शनवर कमी आणि बायकोच्या कोंबड्यांवर जास्त चालायचं. मागच्या शेडमधलं खाद्य, औषधं, अंड्यांची विक्री, सगळं तिच्या हातात. साहेबांना तिथे प्रवेश होता तो पोती उचलण्यापुरता. अशात बायको पाय घसरून पडली, घोट्याला प्लॅस्टर बसलं आणि कारभार साहेबांकडे आला.

"प्लॅस्टर निघेपर्यंत नीट सांभाळलंत, तर पुढेही तुम्हीच बघा," ती म्हणाली. "फक्त माझी घडी विस्कटू नका."

साहेबांना नोकरीत बढती एकदाच मिळाली होती, तीही नजरचुकीने. ही दुसरी त्यांना घालवायची नव्हती. बायकोने एकदा तरी 'जमलं हो तुम्हाला' म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती. पहिल्याच संध्याकाळी ते शेडमध्ये गेले आणि थबकले. बाहेर अंधार पडला होता आणि आत दिवे लख्ख जळत होते.

"यांना काय परीक्षेचा अभ्यास करायचाय?" म्हणत त्यांनी बटण बंद केलं आणि लगोलग बायकोला जाऊन ऐकवलं, "तुझ्या कोंबड्यांचं बिल आजपासून निम्म्यावर!"

"बघू," ती एवढंच म्हणाली.

आता, उजेड कमी पडला की कोंबडी अंडी देणं आवरतं घेते, हे कोंबड्या पाळणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. साहेबांनी कोंबड्या पाळल्या नव्हत्या, फक्त पोती उचलली होती. थोड्याच दिवसांत ट्रे अर्धे भरू लागले, मग त्यांचा तळ दिसू लागला. दिवे परत लावावेत, तर शेड बायकोच्या खिडकीतून दिसायचं आणि फुशारकी तर मारून झाली होती.

शेवटी साहेबांनी पिशवी उचलली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून अंडी विकत आणली. त्यांची अंडी घेणारा दुकानदारही तोच. त्यामुळे सकाळी घाऊक भावाने गेलेली अंडी संध्याकाळी किरकोळ भावाने माघारी येऊ लागली. मधला फरक पेन्शनमधून जाई. अंड्यांना कोंबड्यांपेक्षा जास्त चालणं घडू लागलं.

रोज संध्याकाळी बायको पलंगावरून ट्रे बघायची.

"अहो, दिव्याशिवाय एवढी अंडी?"

"मॅनेजमेंट," साहेब म्हणायचे.

"पण हे बघा, परत टेंगळाचं!" एका अंड्याच्या टरफलावर टेंगूळ होतं. "कालही असंच होतं, परवाही. कुठली तरी कोंबडी आजारी दिसतेय."

"वळण असतं गं एकेकीचं."

"आजार नसेल तर आणखी शंभर पिल्लं मागवू या. दिव्याचा खर्चच नाही म्हटल्यावर काय!"

आणखी शंभर कोंबड्यांची अंडी विकत आणायची, तर घर गहाण टाकावं लागलं असतं.

प्लॅस्टर निघायच्या आदल्या दिवशी दुकानदार विचारपूस करायला आला. खुर्चीत बसून जरा घुटमळला.

"वहिनी, रागावू नका, पण साहेबांचं अंडी खाणं जरा कमी करा. या वयात बरं नाही."

"हे? हे महिन्यातून एखादं खातात, तेही नाक मुरडत."

"मग रोज पिशवी भरून नेतात ती? सकाळी टाकतात, संध्याकाळी तीच उचलतात. मी म्हणतो, ताजी देतो दुसऱ्याकडची, तर महाग पडतात म्हणतात. ते एक टेंगळाचं तर कुणी गिऱ्हाईक हातात धरत नाही, तेही नेतात बिचारे."

साहेब घाईघाईने पंखा बंद करायला उठले. (तो बंदच होता.) बायकोने ट्रेकडे पाहिलं, टेंगळाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. ती ओरडली असती तर साहेबांना बरं वाटलं असतं.

"जा," ती म्हणाली, "शेडमधले दिवे लावून या."

दुसऱ्या दिवशी प्लॅस्टर निघालं आणि साहेब पुन्हा पोत्यांवर रुजू झाले. रात्री जेवायला बसले, तर ताटात एक उकडलेलं अंडं. टेंगळाचं.

"हे काय?"

"खा. इतक्या वेळा विकत घेतलंत, की घरात याच्याइतकी महागाची वस्तू दुसरी नाही. टाकवत नाही मला."

साहेबांनी निमूटपणे टरफल फोडलं आणि दुसऱ्याच क्षणी खुर्चीसकट मागे सरकले.

"अगं, पंखा लाव!" ते नाक दाबून ओरडले. "पाचावर लाव!"

बायको जागची हलली नाही.

"बिल येईल हो," ती म्हणाली.