पूर्व उतारावरचा ओपॉसम

वसुमावशींच्या ओपॉसमला उंदीर म्हणायची सोय नाही.

"अरे, उंदराचा काय संबंध? कांगारूच्या गोतातला आहे तो!"

"मग पिशवी कुठेय?"

"याला नसते. पिल्लं आईच्या पोटाला नुसती चिकटून राहतात. गेनाऊ!"

जर्मनमधलं हे 'अगदी बरोबर' आलं की वाद संपला असं समजायचं.

मावशी प्राणिशास्त्रज्ञ. मी जर्मनीत आखनला शिकायला आलो तेव्हा आईच्या ओळखीने त्यांच्याकडे खोली मिळाली. त्यांचा सगळा जीव दक्षिण अमेरिकेतल्या त्या मुठीएवढ्या प्राण्यात. फ्रिजचीसुद्धा वाटणी केलेली. वरचा कप्पा अँडीज, खालचा ॲमेझॉन. "दही अँडीजवर ठेव, कोथिंबीर ॲमेझॉनात." मधला कप्पा वादग्रस्त प्रदेश, तिथे फक्त त्यांचं लिंबाचं लोणचं.

एकदा शेजारच्या बाई केलरमधून, म्हणजे तळघरातून, "माउस! माउस!" करत वर आल्या. मावशी टॉर्च घेऊन खाली धावल्या आणि हिरमुसून परतल्या. "उंदीरच निघाला रे."

त्यांचं म्हणणं एकच होतं. बोलिव्हियात अँडीजच्या पूर्व उतारावर राहणारा ओपॉसम ही वेगळी प्रजाती आहे. बाकीचे तज्ज्ञ म्हणत, खालच्या जंगलातलाच तो, वरपर्यंत पसरलाय इतकंच. शेवटी जुन्या कातड्यांचे तुकडे डीएनए तपासणीला गेले. तपासणी करणारी ब्राझीलमधली त्यांची सहकारी निकाल फोनवर सांगणार होती.

त्या दिवशी घरात कुकर लावायला बंदी. माझ्या हातून चमचा पडला तर मावशींनी असं पाहिलं, की मी श्वासही बेताने घेऊ लागलो. भेंडी चिरता चिरता त्यांनी तिची चटणी केली. फोन वाजला. दोघंही दचकलो. हाइत्सुंग, म्हणजे घर गरम ठेवायची यंत्रणा, तपासायला येणारा माणूस होता. मावशींनी त्याला असं झापलं, की तो पुन्हा येईल असं वाटेना.

दुपारी पुन्हा फोन वाजला. मावशी उभ्यानेच ऐकत राहिल्या. "हं... हं..." एवढंच. मग तिचं अभिनंदन केलं, नीट, मनापासून. फोन ठेवला आणि खुर्चीत बसल्या.

"एकच प्रजाती आहे. माझंच चुकलं."

मी विचारलं, "वेगळी निघाली असती तर नाव काय ठेवणार होतात?"

त्या पदर चाचपत राहिल्या. अंगात साडी नव्हती, स्वेटर होता.

"सुहास," त्या म्हणाल्या. "आमचे हे. बोलिव्हियात माझ्यासोबत आले होते, रजा काढून. सापळे उचलायचे, शिंकत राहायचे. स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही."

काका मी यायच्या आधीच गेले होते. त्यांचं नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"कुठेतरी कुणीतरी त्यांचं नाव घेत राहिलं असतं रे. आता मी एकटीच."

"शास्त्रीय नाव कसं झालं असतं?"

"मार्मोसा सुहासी."

"मार्मोसा सुहासी," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले.

"पुन्हा म्हण."