दीडशे पौंडांचा मान

शुक्रवारी सकाळी ऑटो क्लिंगमन न्हाणीघरातल्या काट्यावर चढला आणि काट्याने त्याला एकशे त्रेपन्न पौंड दाखवले. ऑटो उतरला, काटा पायाने जरा सरकवला, पुन्हा चढला. काटा आपल्या म्हणण्यावर ठाम होता.

"व्हर्ना, हा काटा बिघडलाय," त्याने बायकोला ऐकवलं.

"काट्याला काय धाड भरलीय? काल रात्री पातेलंभर डंपलिंग कोणी संपवली?"

"तीन पौंड म्हणजे किस झाड की पत्ती. उद्या सकाळपर्यंत उतरवतो की नाही बघ."

उद्या वॉर्टन हिल कॉलेजच्या माजी खेळाडूंचा दिवस होता. तिथला अमेरिकन फुटबॉलचा संघ वजनाच्या मापात बसणाऱ्यांचाच. हेल्मेट तेच, धडका त्याच, पण मापापेक्षा एक पौंड जास्त भरलात तर घरी जा. त्या वेळच्या दीडशे पौंडांच्या मापामुळेच ऑटोसारख्या काडीपैलवानाला तरुणपणी मैदान दिसलं होतं. माजी खेळाडूंच्या दिवशीही तीच रीत होती. आपल्या वेळच्या मापात जो अजून बसेल, त्याने संघाच्या बाकावर बसायचं आणि सामन्याची नाणेफेक करायची. ऑटोचे सगळे सोबती केव्हाच फुगले होते. त्यामुळे गेली कित्येक वर्षं नाणं उडवायचा मान एकट्या ऑटोचा होता आणि तो मान गेला असता तर ऑटोने गावात तोंड दाखवलं नसतं.

"अरे, कोच डनलेवीचा फोन आला होता," व्हर्ना म्हणाली. "यंदा वजनाचं त्यांनी..."

"वजनाचं मला कोणी शिकवू नये. माझा लोकरी कोट काढ."

त्या दिवशी ऑटोने लोकरी कोटावर रेनकोट चढवला आणि गाडीचा हीटर पूर्ण सोडून गावाला चकरा मारल्या. दुपारी केस भादरून आला. संध्याकाळी व्हर्ना पुन्हा सांगायला गेली, "ते डनलेवी म्हणत होते की आता..." तर हा तळघरात घर तापवायच्या भट्टीशेजारी खुर्ची टाकून घाम गाळत बसलेला. त्याने नुसता हात वर केला. बोलण्यात ताकद घालवायची त्याची तयारी नव्हती. मग व्हर्नानेही नाद सोडला. पन्नास वर्षांच्या संसारात एवढं तर कळतंच.

शनिवारी सकाळी काटा दीडशेवर एक केस पुढे होता. ऑटोने लग्नाची अंगठी काढली. मग तोंडातली कवळी काढून व्हर्नाच्या हातात ठेवली आणि पुन्हा चढला. एकशे एकोणपन्नास आणि अर्धा.

"बघितलंस?" तो बोळक्या तोंडाने म्हणाला. व्हर्नाने कवळी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली.

मैदानावर पोचल्यावर मात्र ऑटोच्या पायांखालची जमीनच सरकली. संघाच्या बाकावर लेस्टर झूक बसला होता. तोच लेस्टर, ज्याचं पोट त्याच्या आधी दारातून आत येतं. त्याच्या शेजारी आणखी चार म्हातारे.

"ये ऑट्या, सरकून घेतो," लेस्टर म्हणाला. "मी एकशे सत्याहत्तर भरलो बघ."

"म्हणजे नापास. ऊठ."

काट्याजवळ उभ्या असलेल्या डनलेवीने घसा साफ केला. "क्लिंगमन साहेब, मी घरी फोन केला होता. मुलं थोराड होत गेली तसं संघाचं माप दीडशेवरून वाढत वाढत एकशे अठ्ठ्याहत्तरवर आलं. मग माजी खेळाडूंनाही यंदापासून तेच लावलं. नाण्यासाठी चिठ्ठ्या टाकू."

ऑटोने बायकोकडे पाहिलं.

"दोनदा सांगायला आले होते," व्हर्ना म्हणाली.

आता दुसरा कोणी असता तर गुपचूप बाकावर बसला असता. ऑटो काट्यासमोर पाय रोवून उभा राहिला. काल दिवसभर तो काय उगाच उकडून निघाला होता?

"दीडशे म्हणजे दीडशे," त्याने सुरुवात केली. "आम्ही काय उपास गंमत म्हणून केले?" बोलताना त्याचा हात शेजारच्या टेबलाकडे गेला. तिथे डोनट होते आणि सफरचंदाच्या सायडरचे मोठाले मग. कवळी नव्हती, म्हणून डोनट सायडरमध्ये बुडवावा लागला. तो अलगद उतरला. "हे लेस्टरसारखे हत्ती बाकावर बसणार, तर मापाला अर्थ काय उरला?" दुसरा डोनट उतरला. बोलून घशाला कोरड पडली म्हणून सायडरचा अख्खा मग रिकामा झाला, व्हर्नाने मायेने दुसरा भरून दिला.

"अहो, पण मग दुसरं कोणी बसणारच नाही," डनलेवी काकुळतीला आला.

"नको बसू दे. संघाचा माणूस आणि दीडशेच्या आत, एवढंच बघायचं. तो कोण, कसा दिसतो, याच्याशी नियमाला कर्तव्य नाही." तिसरा डोनट.

शेवटी डनलेवीने हात टेकले. लेस्टर आणि मंडळी कुरकुरत बाकावरून उठली. काट्याच्या दांडीवरचं सरकतं वजन दीडशेवर लावलं गेलं. ऑटोने कोट काढला, बूट काढले आणि सगळ्यांकडे एकवार बघून तो चढला.

दांडी टणकन वर गेली.

डनलेवीने वजन जरा सरकवलं, दांडी स्थिरावली. "एकशे एक्कावन्न," तो हळूच म्हणाला.

"काटा सपाट जागी ठेव, इथली जमीन वाकडी आहे," ऑटो म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

"मग नाणं कोण उडवणार?" लेस्टरने विचारलं. सामन्याचा पंच मनगटावरचं घड्याळ दाखवत होता.

तेवढ्यात व्हर्नाने चपला काढल्या आणि ती काट्यावर चढली. डनलेवीने वजन पुन्हा दीडशेवर आणलं, तरी दांडी जागची हलली नाही.

"ती कुठे खेळलीय?" ऑटो म्हणाला.

"आपल्या सगळ्यांच्या जर्सीवर चार वर्षं आकडे कोणी शिवले?" लेस्टर म्हणाला. "ती संघाची नाही तर कोण संघाचं?"

"तो कोण, कसा दिसतो, याच्याशी नियमाला कर्तव्य नाही," डनलेवी म्हणाला. "तुमचेच शब्द, साहेब."

व्हर्नाने चपला घातल्या, केस सारखे केले आणि डनलेवीच्या हातातून नाणं घेतलं. मैदानात शिरता शिरता ती मागे वळली आणि आपली पर्स ऑटोच्या हातात दिली.

"नीट धर. तुझे दात आतल्या कप्प्यात आहेत. आता सावकाश चावून खा."