आप्पा खोत मधून वाचतात

आमच्या शेजारचे आप्पा खोत कुठलंही पुस्तक मधूनच वाचायला घेतात. अंगठ्याने ते बरोबर मधोमध उघडतात, दोन पानं वाचतात आणि मग सुरुवातीकडे जायचं की पुस्तक परत करायचं ते ठरवतात. माझ्याकडून नेलेली बहुतेक पुस्तकं त्याच संध्याकाळी परत आली आहेत.

"पोत्याच्या तोंडाशी कोण बी चांगला माल लावतंय," असं त्यांचं म्हणणं. सांगलीच्या मार्केट यार्डात आप्पांचा जन्म हळद पारखण्यात गेला. पोत्याच्या पोटात हात घालायचा, हळकुंड काढायचं, कटकन मोडायचं आणि आतला रंग बघायचा. पुढे धंदा मुलाकडे गेला. मोडून बघायची सवय आप्पांकडेच राहिली. लग्नपत्रिकेतही ते थेट जेवणाची वेळ शोधतात. लग्न कुणाचं आहे ते मांडवात कळतं.

अशा माणसाला सुनेने वाढदिवसाला लेखनाचा ऑनलाइन वर्ग लावून दिला. सासरे दिवसभर बोलतात, लिहायला बसले तर तेवढा वेळ तरी गप्प राहतील, असा तिचा हिशेब. मी एका कोल्ड स्टोअरेजमध्ये हिशेब लिहितो, त्यामुळे सांगतो, हिशेब सपशेल चुकला. आप्पा वर्गातही बोलू लागले.

वर्ग रविवारी सकाळी. मोबाइल पोह्यांच्या डब्याला टेकवलेला. माइक बंद ठेवायला सांगितलं की आप्पांना तो अपमान वाटायचा. आमची भिंत सामाईक आहे, तेव्हा तो वर्ग मीही केला असं म्हणायला हरकत नाही.

पहिल्याच रविवारी एका बाईंनी पहाटेच्या धुक्याचं वर्णन वाचलं. सगळे 'सुंदर, सुंदर' म्हणाले. आप्पा म्हणाले, "ताई, ओलावा लय हाय. जरा वाळवा, वजन निम्म्यावर येतंय बघा."

मग एका निवृत्त प्राध्यापकांनी कथा वाचली. "सर, रंग वरनं लावलाय. मोडल्यावर आत पांढरं फटक." ते सर पुढच्या रविवारी आले नाहीत.

"आप्पाकाका, लिहिणाऱ्याचं मनही बघावं हो," शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या.

"मन तुमी बघा मॅडम. मी माल बघतो."

मग मॅडमनी घरचा अभ्यास दिला: घरातल्या दोन माणसांचं बोलणं, पानभर. आप्पांनी स्वतःला आणि बायकोला, म्हणजे सुमनकाकूंना घेतलं आणि रविवारी खणखणीत आवाजात वाचून दाखवलं.

मॅडमनी विचारलं, "यात काकू कुठं आहेत?"

"हाईत की. 'व्हय' म्हणत्यात. दोनदा."

"काकूंचं एखादं पुरं वाक्य दाखवा ना. मधलं कुठलंही चालेल."

भिंतीपलीकडे कागद उलटसुलट केल्याचा आवाज आला. मॅडम म्हणाल्या, "पुढच्या रविवारी पुन्हा लिहून आणा. काकूंना बोलू द्या."

संध्याकाळी आप्पा माझ्याकडे आले. "अकौंटंट, तुमची मंडळी घरात काय बोलत्यात ओ?"

"बरंच बोलते."

"आमची बोलतच न्हाई."

मला आडून सांगता येत नाही. "आप्पा, भिंतीतून मला रोज ऐकू येतं. तुमच्या घरात शंभरातली पंच्याण्णव वाक्यं तुमची. उरलेली पाच टीव्हीची."

आप्पा हसले नाहीत. "मला तिचं एक वाक्य आठवंना," ते म्हणाले. "हळकुंड बघून मी गाव सांगतो. आन् घरातलंच माणूस..." आप्पांचं वाक्य अर्धवट राहिलेलं मी प्रथमच पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून ते काकूंच्या मागे लागले.

"बोल की काय तरी."

"काय बोलू?"

"मधलं काय बी सांग."

"मधलं म्हंजे? डाळ शिजतीया."

काकू घाबरून माझ्या बायकोकडे आल्या. "ह्यांना डॉक्टरला दावावं का? माझ्या तोंडाकडं बघत बसत्यात. आन् गप!"

शनिवारी दुपारी मी त्यांची वाटी परत द्यायला गेलो. काकू मेथी निवडत होत्या. आप्पा समोर बसून लिहिलेलं वाचत होते. "'आज पाणी लवकर आलं,' सुमन म्हणाली."

"आवं, मी एवढंच कुठं म्हटलं? पाण्याचा आवाज आला की मला माहेरची, पलूसची विहीर आठवती, असं म्हटलं. तुमी फोनवर हुता."

"विहिरीचं काय?"

"मी पवायला शिकले की तिच्यात. पाठीला भोपळा बांधून."

"तू पवतीस?" आप्पांचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता. "मला कवा सांगितलं न्हाईस ते?"

"नवीन लगीन झाल्यावर सांगाय लागले हुते. तुमी म्हणाला, मुद्द्याचं बोल."

मेथीची जुडी तशीच काकूंच्या हातात राहिली. आप्पांनी पेनाला टोपण लावलं आणि जरा पुढे सरकले.

"सुमन," ते म्हणाले, "पयल्यापासनं सांग."

मी वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि परतलो.

रविवारी मॅडमनी पान मागितलं. भिंतीपलीकडून आप्पा म्हणाले, "पान झालं न्हाई मॅडम. ती अजून सांगतीया. मी जरा माइक बंद करतो."