वानखडे काकांची सिनेमाची फिल्म

वर्ध्यात आमच्या शेजारी राहणारे वानखडे काका अधूनमधून भर दुपारी न्हाणीघरात स्वतःला कोंडून घेतात. खिडकीला आतून घोंगडी, दाराच्या फटीत जुनी चादर आणि बाहेर पहाऱ्याला काकू. कुणी नुसती कडी वाजवली तरी आतून गर्जना येते, "दाराले हात लावला त याद राखजा! सत्यानाश होऊन जाईन!"

आत काका सिनेमाची फिल्म कापत असतात. काळी-पांढरी, कुठल्याशा शूटिंगमधून उरलेली, गोल डब्यातली. फोटोचे रोल वर्ध्यात मिळेनासे झाले, तेव्हा रेल्वेतून निवृत्त झालेल्या काकांनी ही लांबलचक फिल्म मुंबईहून मागवायला सुरुवात केली. उजेड लागला की फिल्म वाया, म्हणून अंधारात चाचपडत तिचे तुकडे करायचे, रोलच्या जुन्या रिकाम्या डब्यांत गुंडाळायचे आणि कॅमेऱ्यात भरायचे. फोटो काढून झाल्यावर फिल्म औषधाच्या पाण्यात धुणंही घरीच. त्या दिवशी काकूंच्या वरणालासुद्धा औषधाचा वास येतो.

काकांचा राग मात्र सगळ्या जगावर. पहिला सिनेमावाल्यांवर. "एका सेकंदात चोवीस फोटो! चोवीस! अन् त्यात काय, त हिरो झाडामागून पळून राह्यला!" दुसरा मोबाइलवाल्यांवर. माझ्या पुतणीच्या साखरपुड्यात एक पाहुणा ताटाचा फोटो काढत होता. काकांनी त्याचा हातच धरला. "वांग्याच्या भाजीचा फोटो काऊन? ते काय परदेशी चालली?"

तिसरा आणि सगळ्यांत मोठा राग काकूंवर. दर रविवारी काकूंना अंगणात खुर्चीवर बसवून ते एक फोटो काढत. धुऊन हातात आला की भडकत. "पाह्य! पुन्हा हालली तू! येवढी सिनेमाची फिल्म, अन् त्यात हे भुतावानी तोंड!"

काकू शांतपणे म्हणत, "हो, हाललीच मी. माशी बसली होती." कधी माशी, कधी शिंक, कधी दाराशी आलेली भाजीवाली.

एकदा मला राहवलं नाही. "काका, दर वेळी काकूंचाच दोष कसा?"

"मंग काय कॅमेरा हालला? लोखंडाचा हाय तो!"

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघं केळझरच्या गणपतीला गेलो. तिथंही काका चिडलेलेच. "तू बाजूले सर," काकूंना म्हणाले, आणि देवळाच्या रिकाम्या पायऱ्यांचा फोटो काढला.

फोटो तयार झाल्यावर दाखवायला त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. एकेका पायरीच्या दोन-दोन पायऱ्या दिसत होत्या. दगडी पायऱ्या!

"उजेड कमी असन," काकू घाईघाईने म्हणाल्या.

काकांनी उजवा हात पुढे धरला आणि बघत राहिले. बोटं बारीक थरथरत होती.

"सकाळपासून काई खाल्लं नाई तुमी, म्हणून," काकू म्हणाल्या.

"कवापासून मालूम हाय तुले?"

"चहा ठेवते," म्हणून काकू आत गेल्या.

पुढचे काही रविवार अंगणात खुर्ची आली नाही. काका कुणावर ओरडले नाहीत, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. मग एका सकाळी कुंपणावरून हाक आली, "ये बे इकडं!"

ज्या कॅमेऱ्याला त्यांनी कधी कुणाला शिवू दिलं नव्हतं, तो त्यांनी माझ्या हातात कोंबला. वर शिव्याही दिल्या. "बोट काढ मधातून! पोळी लाटून राह्यला का?" मग दुसरी खुर्ची ओढत आणली आणि काकूंच्या शेजारी टाकली.

"तुमीबी बसता?" काकूंना खरंच वाटेना.

"मंग काय उभाच राहू?"

ते बसले. गुडघ्यावरचा हात थांबत नव्हता. काकूंनी तो उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"काढ ना बे आता! किती वेळ लावतं!" काका माझ्यावर खेकसले. हात मात्र त्यांनी सोडवून घेतला नाही.