निर्दोष नियुक्तिपत्र

शुद्धलेखन हा सद्वर्तनाचा पाया आहे, याबद्दल सुशिक्षित समाजात दुमत नाही. नोकरीच्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीपासून सावध करणारी जी पत्रकं निघतात, त्यांतही पहिली सूचना हीच असते: पत्रात अशुद्ध लेखन दिसलं, की समजा भामटा. (शुद्ध लिहिणाऱ्या भामट्यांबद्दल पत्रक मौन पाळतं.)

छापखाना बंद पडल्यापासून घरी बसलेल्या मुद्रितशोधकाला ही सूचना मनापासून पटली. उभा जन्म त्याने लोकांच्या वेलांट्या सुधारण्यात घालवला होता. घर आता बायकोच्या शाळेतल्या नोकरीवर चालत होतं, आणि भाजी निवडता निवडता त्याचा जीव अर्धा होत होता.

अशात पत्र आलं: 'हार्दीक अभिनंदन! आमच्या प्रतिष्टीत कंपनीत आपली नीयुक्ती झाली आहे. अनामत रक्कम त्वरीत भरावी.'

भामटे त्याने क्षणात ओळखले. तिथेच थांबला असता, तर सगळं निभावलं असतं. पण चूक दिसली आणि हात शिवशिवले नाहीत, असं त्याच्या बाबतीत कधी झालं नव्हतं. त्याने लाल खुणा केल्या, 'झाली आहे'च्या जागी 'करताना आम्हास आनंद होत आहे' असं सुचवलं आणि पत्र साभार परत पाठवलं. खाली लिहिलं, 'लाज वाटली पाहिजे.' (कशाची, ते लिहायचं राहिलं.)

महिन्याभराने दुसऱ्याच कंपनीचं पत्र आलं. त्याने ते भिंगाखाली धरलं, शेवटाकडून सुरुवातीकडे वाचलं, बायकोकडून मोठ्याने वाचून घेतलं. एकही चूक नाही. त्याचे डोळे भरून आले. अनामत भरली. नोकरीसोबत परगावी घरही मिळणार होतं, म्हणून बायकोने राजीनामा लिहिला. त्यातली एक वेलांटी त्याने दुरुस्त केली.

सामानासकट दिलेल्या पत्त्यावर पोचले, तर तिथे मोटारी धुवून मिळत होत्या. धुणाऱ्याने पाइप बाजूला धरला.

"सामान तिकडे कोरड्यात ठेवा. कालच्यांनीही तिथेच ठेवलं होतं."

बायको वळकटीवर बसली आणि तिने पत्र पुन्हा वाचलं. "अहो, 'आम्हास आनंद होत आहे'... हे असं तुम्हीच लिहिता ना?"

"हो," तो म्हणाला. "पण यात एक तरी चूक दाखव."

"माझी नोकरी," ती म्हणाली.

ते पत्र अजून फिरतंय. तुमच्याकडे आलं, तर शुद्धलेखन तपासत बसू नका. ते जाणकाराने तपासलेलं आहे. आणि वरचं पहिलं पत्र वाचताना तुमचेही हात शिवशिवले असतील, तर दुसरं तुमच्यासाठीच लिहिलेलं आहे.