दात असलेलं शेवाळ

साताऱ्याच्या सुमंत सरांना मेढ्याला नेऊन नमवायचं, हे मी दिवाळीतच ठरवलं होतं. माझी योजना इतकी पक्की होती की ती फसायला जागाच नाही, असं मी हातात चकली घेऊन नवऱ्याला बजावलंही होतं.

भांडण शेवाळावरून होतं. हसू नका. मी सांगलीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि माझी उमेदीची वर्षं ओल्या भिंतींकडे बघण्यात गेली आहेत. मेढ्याच्या वर एका वाडीत देवळामागे दगडी बारव आहे. फार पूर्वी एका गोऱ्या साहेबानं तिथल्या शेवाळाला वेगळी जात म्हणून नाव दिलं. आमच्या शास्त्रात असं नाव एका वाळवलेल्या नमुन्यावर टांगलेलं असतं, खुंटीवर टोपी टांगावी तसं. साहेबाचा नमुना परदेशात, युद्धात जळाला. खुंटीच गेली! आता नवा नमुना निवडायचा तर तो त्याच बारवेतला हवा आणि त्याला पिकलेली बोंडं, म्हणजे बीजाणूंच्या इवल्या डब्या, हव्यात. गल्लोगल्लीच्या भिंतींवरच्या शेवाळाचं बोंड बोळकं असतं. या जातीच्या बोंडाला तोंडाशी बारीक दात असतात, असं साहेबानं लिहून ठेवलं होतं.

"दातबीत काही नाहीत, विनोदिनीबाई," सुमंत सर म्हणायचे. "साहेबाला थंडी वाजली असेल, भिंग हललं असेल. ते आपलं साधंच शेवाळ आहे. ही जात रद्द करून टाकू."

सर या विषयातले सगळ्यांत मोठे. त्यांनी रद्द म्हटलं की जात गेली, आणि तिच्यामागे माझी सगळी मेहनतही. म्हणून मी म्हटलं, "एकदा या आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा." दिवाळीत मी बारवेवर जाऊन आले होते. बोंडं धरली होती, फक्त पिकायची होती.

ती पिकली असतील अशा बेतानं मी देवस्थानच्या नानासोंना फोन केला. "नानासो, साताऱ्याहून फार मोठे साहेब येतायत. आपल्या बारवेतलं शेवाळ तपासायला."

"शेवाळ तपासायला?" नानासोंचा आवाज एकदम गंभीर झाला. "कुणी तक्रार केली काय?"

"तक्रार कसली! ते फक्त बघून जातील."

"तुमी काय बी काळजी करू नका, मॅडम. आमी हाय न्हवं."

मी काळजी केली नाही. तिथंच चुकलं.

आम्ही पोचलो तेव्हा बारव चकचकत होती. म्हणजे स्वयंपाकाचा ओटा चकचकतो तशी. काळा दगड न् दगड घासलेला, पायऱ्यांवर रांगोळी, वर हवेत ब्लीचिंग पावडरचा वास. हिरवं म्हणून काही असेल तर ते माझं पातळ.

"तारेच्या ब्रशनं घासलंय," नानासो छाती पुढं काढून म्हणाले. "सगळी वाडी लागलीती. सायबांनी भिंग लावून बगावं. शेवाळाचा एक ठिपका घावला तर नाव बदलीन."

मला रडू येत होतं. सुमंत सर मात्र खुशीत आले. "वा! जात मी रद्द करणार होतो, तुम्ही तर समूळ नाहीशी केलीत."

आता आमच्या भागात पाहुणा काहीही करायला आलेला असो, सत्कार झाल्याशिवाय तो परत जात नाही. सरांना फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. मग नानासोंच्या पत्नी बनाबाईंनी त्यांच्या हातात सोनचाफ्याचं रोप ठेवलं. "बुके सुकत्यात," त्या म्हणाल्या. "परड्यातनं उपटून आणलंय. मुळ्या वाळू न्हाईत म्हून बारवेतलं ओलं शेवाळ गुंडाळलंय."

मी कशी धावले ते मला आठवत नाही. सरांच्या पुढ्यात मी गुडघ्यांवर बसले आणि रोपाच्या बुडाशी नाक लावलं. सुतळीच्या दोन वेढ्यांमधून बोंडं डोकावत होती. तांबूस, टपोरी, पिकलेली बोंडं! मोबाइलवाल्यांनी पटापट फोटो काढले आणि वाडीच्या ग्रुपवर लगेच पडलंही: 'गुरूंच्या चरणी लीन झालेल्या मॅडम.'

"सर, ते रोप इकडे द्या."

"का म्हणून? सत्कार माझा आहे."

"तर मग तुमच्याच भिंगातून तुमचाच सत्कार बघा."

सरांनी शाल सावरली, बोंडाचं टोपण अलगद काढलं आणि भिंग डोळ्याला लावलं. मग भिंग शालीला पुसून पुन्हा लावलं. नानासोंना घाम फुटला. "घावलं काय सायेब शेवाळ?"

"दात आहेत," सर हळूच म्हणाले.

"मोठ्यानं म्हणा, सर."

"दात आहेत, विनोदिनीबाई! चांगले लाल, कंगव्यासारखे. जात खरी आहे."

मी बनाबाईंना मिठी मारली. नानासोंनाही मारणार होते, पण त्यांनी नारळ पुढं केला. जागा तीच, दगड तोच, फक्त वाहतूक सोनचाफ्यानं झाली होती, त्यामुळे नमुना बिनतक्रार निवडला गेला. आज तो संग्रहालयात कागदी पाकिटात निवांत आहे, आणि नमुना निवडणारी म्हणून खाली माझं नाव आहे. सांगलीत उतरले तेव्हा मी रिक्षावाल्यालाही ते सांगितलं.

निघताना मी नानासोंना समजावलं होतं की हे शेवाळ म्हणजे वाडीचं भूषण आहे, त्याला पुन्हा हात लावायचा नाही, ते आपोआप परत येईल. त्यांचे डोळे भरून आले होते. "आमच्या वाडीचं नाव जगात गेलं म्हनायचं."

परवा त्यांचा फोन आला. "मॅडम, कवा येताय? बारव पैल्यावानी हिरवीगार हाय."

"इतक्या लवकर?"

"शेवाळ यायला लय टाइम लागतोय. कोण बघाय आलं तर काय दावायचं? म्हून तवर आइल पेंट मारलाय. रंग अगदी तोच, बरं का. पायरीच्या सांदीत जरासं शेवाळ उरलं हुतं, ते खरवडून दुकानात नमुना म्हून नेलं."