ठिपकोजीची माशी

एका जंगलात, बाळांनो, ठिपकोजी नावाचा बिबट्या राहत होता. अंगानं धष्टपुष्ट, पण पंजानं शिकार करणं त्याला हल्ली गावंढळ वाटू लागलं होतं.

त्या दिवशी सासरे यायचे होते. त्यांनी निरोप धाडला होता, "संध्याकाळी पानात सांबर नसेल, तर मुलीला माहेरी घेऊन जाईन." ठिपकोजीचा बायकोवर भारी जीव. तो तडक कोलोबा कोल्ह्याच्या बंदुकीच्या दुकानात गेला.

"शिकारीची रायफल द्या."

"कोणाच्या शिकारीची?" कोलोबा म्हणाला. "छोट्या काडतुसानं सांबराला नुसत्या गुदगुल्या होतात. मोठं चितळाला मारलं, तर ताटात शिंगंच उरतात."

"मग मधलं द्या."

"मधल्यानं दोघंही नाराज होतात."

ठिपकोजीला घाम फुटला. दुपार टळली तरी काडतूस ठरेना. शेवटी कोलोबानं त्याला सांबराचं माप आणायला पिटाळलं.

ओढ्यावर शिंगाप्पा सांबर पाणी पीत होता. ठिपकोजीनं अदबीनं अडचण सांगितली. शिंगाप्पा भला प्राणी, लगेच सरळ उभा राहिला. ठिपकोजीनं त्याच्या मानेला दोन्ही पंजांनी विळखा घातला, पोट चाचपलं, तोंडाला सुटलेलं पाणी पुसलं आणि तसदीबद्दल माफी मागून त्याला सोडून दिलं.

"मीच येतो दुकानात," शिंगाप्पा म्हणाला. "नमुना समोर असलेला बरा."

कोलोबानं सगळ्यात मोठं काडतूस भरून दिलं. "आता सोपं आहे. माशी आणि सांबर एका रेषेत आले, की घोडा दाबायचा."

"घोडा कुठून आणू?"

"तो बंदुकीतच असतो."

"तरीच इतकी जड," ठिपकोजी म्हणाला.

बंदुकीच्या नळीच्या टोकाशी नेम धरायला एक बारीक दाणा असतो, त्याला माशी म्हणतात. बिचारा ठिपकोजी जन्मभर नखांवर जगलेला. त्याला हे कुठून ठाऊक? तो दुकानाबाहेर माश्या शोधत सुटला.

तेवढ्यात सासरे आले आणि एक गलेलठ्ठ माशी नेमकी त्यांच्या नाकावर बसली.

"मामा, हलू नका," ठिपकोजी आनंदानं म्हणाला. "शिंगाप्पा, तुम्ही जरा मामांच्या मागे उभे राहता का?"

"अहो जावईबापू, सांबर हाताशी आहे. मारा की पंजा."

"पंजा कसा मारू, मामा? मापाचं काडतूस घेतलंय."

धाडकन बार उडाला. ठिपकोजी मागच्या मागे काट्यात पडला. सासऱ्यांच्या मिशा एका बाजूनं साफ झाल्या. माशी उडाली. "काडतूस जरा मोठंच झालं," असं सांगून शिंगाप्पाही निघून गेला.

त्याच संध्याकाळी बायको माहेरी गेली. ठिपकोजी ढसाढसा रडला. मग त्यानं डोळे पुसले आणि कोलोबाला विचारलं, "जरा शांत बसणारी माशी मिळेल का?"

तात्पर्य : शिकाऱ्यानं हत्यार नीट पारखूनच घ्यावं, घाई करू नये, असं सांबरांचं फार पूर्वीपासून मत आहे.